परक्या कथेतले पाहुणे

दोन वेगवेगळ्या कथांतली पात्रे एकाच कथेत आली तर काय होईल, हा प्रश्न मुळात मुलांचा. भीम आणि हनुमान यांच्यात बलवान कोण, असे विचारताना हे दोन ग्रंथांतले वीर आहेत, त्यांचे कवी वेगळे, त्यांची युगे वेगळी, याची मुलांना फिकीर नसते. मोठेपणी आपण हा प्रश्न पोरकट म्हणून टाकून देतो. साहित्याच्या अभ्यासकाने तो इतक्या सहजासहजी टाकू नये, असे आम्हांस वाटते. पात्र म्हणजे काय, ते आपल्या कथेबाहेर जगू शकते का, आणि जगलेच तर ते तेच पात्र उरते का, हे साहित्यविचारातले जुने पेच त्या पोरकट प्रश्नात दडलेले आहेत.

गेल्या साडेतीन दशकांत हा प्रश्न आमच्या मते सर्वांत चिकाटीने विचारला गेला तो व्हिडिओ गेममध्ये, आणि त्यातही ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्या प्रकारात. या खेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन दीर्घ कथेतून प्रवास करतो, वाटेत साथीदार जमवतो, लढायांतून अनुभव मिळवतो आणि त्या अनुभवाच्या हिशेबाने पात्रांची 'लेव्हल' वाढत जाते. निरनिराळ्या मालिकांतली पात्रे अशा एकाच प्रवासात एकत्र आणली की त्या खेळाला क्रॉसओव्हर म्हणतात. अशा खेळांची कल्पना कोठून आली, तिने कोणती वळणे घेतली, आणि अशी भेट केव्हा सार्थ ठरते व केव्हा नुसती जत्रा होते, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कल्पना अर्थातच यंत्राहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रोड्सच्या अपोलोनियसने 'आर्गोनॉटिका' हे महाकाव्य लिहिले. सोनेरी लोकर आणण्यासाठी निघालेल्या 'आर्गो' या जहाजावर त्याने ज्यांना चढवले त्यांतले कित्येक जण स्वतःच्या कथांचे नायक होते. ऑर्फियस गाण्यात श्रेष्ठ, लिंकियसची दृष्टी तीक्ष्ण, टिफिस सुकाणू धरण्यात तरबेज. प्रत्येकाचा एक गुण आणि त्या गुणाचा प्रवासात एक उपयोग, ही रचना आजच्या रोल-प्लेइंग गेममधल्या साथीदारांच्या यादीशी विलक्षण जुळते. पण याच जहाजावर हेराक्लीसही आहे, आणि तो आला की कवीची पंचाईत होते. सर्वांत बलाढ्य वीर सोबत असताना जेसन नायक कसा राहणार? नेता निवडायची वेळ येते तेव्हा सगळ्यांचे डोळे हेराक्लीसकडे वळतात. तो स्वतःच जेसनचे नाव पुढे करतो. तेवढ्याने भागत नाही म्हणून की काय, पहिल्याच सर्गाच्या शेवटी हरवलेल्या हायलसला शोधण्याच्या निमित्ताने हेराक्लीस मायसियाच्या किनाऱ्यावर मागे राहतो आणि जहाज पुढे निघून जाते. या कथेचा एक जुना पाठ ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्रा'त दिला आहे. त्यात हेराक्लीस इतरांपेक्षा फारच वरचढ असल्याने आर्गोनेच त्याला वाहून नेण्यास नकार दिला होता. खेळ रचणारे आज ज्याला 'बॅलन्स' म्हणतात, त्या प्रश्नाची ही पहिली नोंद मानायला आमची हरकत नाही.

आपल्याकडे वनपर्वात हाच पेच निराळ्या रीतीने सुटला आहे. सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारे वानर शेपूट पसरून पडलेले असते, आणि भीमाला ते शेपूट उचलता येत नाही. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर देऊन व्यास थांबत नाहीत. हा हनुमान पांडवांच्या बाजूने लढणार असेल तर भारतीय युद्धाला अर्थच उरणार नाही. म्हणून तो अर्जुनाच्या ध्वजावर बसेल, आपली गर्जना भीमाच्या गर्जनेत मिसळील, असे वचन देतो. शस्त्र उचलण्याचे मात्र नाही. परक्या कथेतल्या पाहुण्याला मान द्यायचा, पण घरचे भांडण त्याच्या हातून सोडवून घ्यायचे नाही, अशी ही मर्यादा आहे. ग्रीक कवीने थोर पाहुण्याला वाटेत उतरवले, व्यासांनी त्याला ध्वजावर बसवले.

व्हिडिओ गेममधला क्रॉसओव्हर प्रामुख्याने जपानमध्ये फुलला, आणि त्याची जपानी पूर्वपीठिकाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. काबुकी रंगभूमीवर नाटककाराला प्रथम 'सेकाई' निवडावे लागे. सेकाई म्हणजे जग. एखाद्या प्रसिद्ध कथेचे पात्रे, नाती आणि काळ यांसह आधीच ठरलेले जग. प्रेक्षकाला ते माहीत असे. नाटककाराने त्यात नवी क्लृप्ती आणायची. पुढे दोन जगे एकाच नाटकात गुंफण्याची रीत रूढ झाली. तिला 'नाइमाझे' असे नाव मिळाले. वेगवेगळ्या रंगांचे पेड एकत्र वळून दोर करावा, तशी ही क्रिया. सुकेरोकू हा एदो शहरातला छानछोकी वीर प्रत्यक्षात बाराव्या शतकातला सोगा गोरो आहे, हे प्रेक्षक बिनतक्रार मान्य करीत.

या रीतीचे सर्वांत धारदार उदाहरण १८२५ सालचे. चौथा त्सुरुया नानबोकू याचे 'तोकाईदो योत्सुया काइदान' हे भुताचे नाटक एदोच्या नाकामुरा नाट्यगृहात प्रथम सादर झाले ते स्वतंत्रपणे नव्हे. १७४८ सालच्या 'कानादेहोन चूशिनगुरा' या प्रख्यात नाटकाच्या अंकांशी आलटून पालटून, दोन दिवसांत ते दाखवण्यात आले. 'चूशिनगुरा' ही धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या एकनिष्ठ सामुराईंची गाथा. नानबोकूचा इएमोन हा त्याच घराण्यातून निराश्रित झालेला सामुराई. पण तो बायकोशी दगा करतो, विषाने विद्रूप झालेली ओइवा तळतळून मरते आणि भूत होऊन त्याच्या मागे लागते. एकाच रंगमंचावर एका अंकात स्वामिनिष्ठेचा जयघोष आणि पुढच्या अंकात त्याच घराण्यातल्या माणसाची घरातली क्रूरता. या शेजारामुळे मूळ गाथेला एक प्रश्न विचारला गेला: या निष्ठेची किंमत घरातल्या बायकांनी किती मोजली? दोन कथांची भेट ही समीक्षा होऊ शकते, हे आम्ही यावरून शिकतो, आणि पुढच्या साऱ्या इतिहासाला हीच कसोटी लावू इच्छितो.

यंत्रयुगाकडे येताना मध्ये अमेरिकेत एक थांबा घ्यावा लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला, आणि रोल-प्लेइंग हा प्रकार रूढ झाला. या खेळाने पात्राची व्याख्या आकड्यांत केली. बळ किती, बुद्धी किती, किती घाव सोसल्यावर मरण. एकदा ही भाषा सापडल्यावर कोणत्याही कथेतल्या कोणालाही कोणाशीही लढवता येऊ लागले. १९८० साली निघालेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवतांबरोबर आपले इंद्र, विष्णू आणि काली यांच्याही नावांपुढे ते सोसू शकणाऱ्या घावांचा आकडा छापलेला आहे. भीमाला न उचलता आलेल्या शेपटाचे वजन आता कोष्टकातून काढता येणार होते. तुलना सोपी झाली, पण त्या मोबदल्यात काही गेले. वनपर्वातली भेट भावांची आहे, दोघेही वायुपुत्र. शेपटाचा भार हा तेथे अहंकाराला दिलेला धडा आहे. आकड्याला धडा देता येत नाही.

त्याच पुस्तकाने दुसरीही एक सूचना दिली. त्यात लव्हक्राफ्ट यांचा क्थुल्हू आणि मूरकॉक यांचा एल्रिक यांची प्रकरणे होती. हक्कांच्या प्रश्नामुळे पुढच्या मुद्रणांतून ती गळाली. त्याआधी मूळ खेळातल्या 'हॉबिट' या शब्दालाही टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क बाळगणाऱ्यांच्या आक्षेपामुळे बाहेर जावे लागले होते. इंद्राच्या वतीने आक्षेप घेणारे कोणी नव्हते. पात्रांचा मेळा भरवणाऱ्याला आता प्रतिभेइतकीच परवानगीही लागणार होती.

जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ साली आणि 'फायनल फँटसी' १९८७ साली आला, आणि व्हिडिओ गेममधली रोल-प्लेइंग कथा घराघरांत पोचली. १९८९ साली बांदाई कंपनीने 'फामिकॉम जम्प' काढला. निमित्त होते १९६८ साली सुरू झालेल्या 'शोनेन जम्प' या चित्रकथांच्या नियतकालिकाच्या विसाव्या वर्धापनाचे. 'ड्रॅगन बॉल'चा गोकू, 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार'चा केनशिरो आणि फुटबॉल खेळणारा त्सुबासा एका कथेत एकत्र आले. एक वीर डोंगर फोडणारा, दुसऱ्याचे शस्त्र चेंडू. ही विसंगती विनोदी आहे, पण अप्रामाणिक नाही. एकाच अंकाच्या पानांत वाचकाने हे सारे शेजारी शेजारी वाचलेलेच होते. येथे 'जग' कथेचे नसून नियतकालिकाचे होते.

१९९१ साली बानप्रेस्तो कंपनीच्या 'सुपर रोबो तैसेन'पासून या प्रकाराला खरी परंपरा लाभली. 'माझिंगर झेड', 'गेटर रोबो' आणि 'गंडम' या तीन मालिकांतले यंत्रमानव पटावर एकत्र आले. पहिल्या खेळात त्यांचे चालक नव्हतेच. यंत्रेच सजीव मानली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खेळात चालक आले, आणि चालकांबरोबर कथा आली. आता निराळाच पेच उभा राहिला. गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' १९७२चा. त्यात शत्रू दुष्ट आहे आणि यंत्रमानव जवळजवळ देवाचा अवतार. योशियुकी तोमिनो यांचा 'गंडम' १९७९चा. त्यात यंत्र हे कारखान्यात तयार झालेले हत्यार आहे, शत्रूच्या बाजूलाही माणसे आहेत आणि मुलांना मारावे लागते याची खंत आहे. ही दोन जगे एका पलटणीत उभी केली तर युद्धाविषयी कोणाचे म्हणणे खरे मानायचे? या मालिकेने हा प्रश्न नेहमीच तडीस नेला असे आम्ही म्हणणार नाही. पण तो तिच्या पोटात आहे, आणि तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण तोच असावा.

या मालिकेने आणखी एक गोष्ट रूढ केली. मूळ कथेत मेलेल्या पात्राला, खेळणाऱ्याने योग्य वेळी योग्य निर्णय घेतले तर, वाचवता येते. १९८५ सालच्या 'झेटा गंडम'मधली फोर मुरासामे ही दुर्दैवी मुलगी या मालिकेतल्या अनेक खेळांत अशी वाचते. शोकांतिका वाचून मिटताना वाचकाच्या मनात उठणारी 'असे झाले नसते तर' ही हळहळ येथे खेळाचा नियम झाली.

या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध प्रकरण २००२ सालचे, 'किंगडम हार्ट्स'. 'फायनल फँटसी'ची निर्माती स्क्वेअर आणि डिस्नेची जपानी शाखा एकाच इमारतीत होत्या. निर्माते शिंजी हाशिमोतो आणि डिस्नेचे एक अधिकारी यांची लिफ्टमध्ये गाठ पडली आणि कल्पनेचे बीज पडले, असे सांगितले जाते. दिग्दर्शन तेत्सुया नोमुरा यांचे. सोरा हा नवा मुलगा डोनाल्ड आणि गूफी यांच्याबरोबर जगामागून जगे पालथी घालतो. या खेळाने पाहुण्यांच्या मर्यादेचा नियम स्पष्ट आखला. अलादीन अग्राबामध्येच साथ देतो, टार्झन जंगलातच. आपले जग सोडून ते पुढे येत नाहीत. विनी द पूचे जग तर अक्षरशः एक पुस्तक आहे. त्याची फाटलेली पाने गोळा करून आणली की कथा पुढे सरकते, आणि पहिल्या खेळात त्या पानांत लढाई शिरत नाही. ज्या कथेचा स्वभाव लढाईचा नाही तिला लढायला लावायचे नाही, हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

'फायनल फँटसी'ची माणसे मात्र निराळ्या अवस्थेत भेटतात. ट्रॅव्हर्स टाउन हे ज्यांची जगे नष्ट झाली अशांचे गाव आहे. स्क्वॉल तेथे लिऑन या नावाने राहतो. आपले घर राखता आले नाही म्हणून त्याने नाव टाकले आहे. क्रॉसओव्हरमधल्या पात्राची याहून नेमकी प्रतिमा आम्हांला दुसरी आढळलेली नाही. मूळ कथेपासून तुटलेले पात्र हे निर्वासितच असते. त्याला नाव असते, चेहरा असतो, पण ज्या भूमीवर त्या नावाला अर्थ होता ती भूमी नसते. आणि याच गावात एरिथ आहे. १९९७ सालच्या 'फायनल फँटसी ७'मध्ये सेफिरोथच्या तलवारीने मरण पावलेली, जिला परत आणण्याच्या युक्त्यांच्या अफवा खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरत राहिल्या, ती एरिथ येथे हसतमुखाने उभी आहे. तिच्या मरणाचा उल्लेखही नाही. ज्यांनी मूळ खेळ खेळला होता त्यांना सुख झाले असेल. आमच्या मते त्या सुखात थोडी फसवणूक आहे. योत्सुयाच्या नाटकातली ओइवा मेलेली असते म्हणूनच तिच्या येण्याला अर्थ असतो. एरिथचे येणे कोणालाच जाब विचारीत नाही.

जाब विचारला जात नाही याचे एक कारण करारात आहे. 'चूशिनगुरा' तिघा लेखकांनी मिळून लिहिले होते. नानबोकूने ते उसवताना कोणाची स्वाक्षरी घेतली नाही. आज दोन कंपन्यांची पात्रे एकत्र येतात तेव्हा तो लग्नाचा मांडव असतो, आणि मांडवात मानपान सांभाळावा लागतो. कोणाचा वीर कोणाकडून हरला, कोणाला किती वेळ पडद्यावर मिळाला, हे तोलून मापून ठरते. पहिल्या 'किंगडम हार्ट्स'मध्ये खुद्द मिकीचे दर्शन जवळजवळ शेवटी, तेही क्षणभर घडते. २००५ सालचा 'नामको × कॅपकॉम' आणि त्याच वाटेवरचा २०१२ सालचा 'प्रोजेक्ट एक्स झोन' यांत पात्रांची गर्दी रंजक आहे, संवाद खुसखुशीत आहेत. पण पाहुणा यजमानाला अडचणीत टाकणारे काही बोलला, असे क्वचितच घडते. या मानपानातून सुटण्याची एक वाट निर्मात्यांनी शोधली, ती स्वतःची पात्रे घडवण्याची. 'सुपर रोबो तैसेन'मधल्या खास त्या खेळांसाठी निर्मिलेल्या पात्रांना २००२ साली 'ओरिजिनल जनरेशन' हा स्वतंत्र खेळ मिळाला. २०१९ सालच्या तिसऱ्या 'किंगडम हार्ट्स'च्या मूळ आवृत्तीत 'फायनल फँटसी'ची माणसे जवळजवळ नाहीशीच झाली. लिऑन, एरिथ ही मंडळी २०२० सालच्या पुरवणीत परतली. मांडव उभारताना पाहुणे लागले. घर झाल्यावर त्यांची गरज उरली नाही.

मग सार्थ क्रॉसओव्हर कसा असेल? एका न झालेल्या खेळाची कल्पना करून पाहू. स्क्वेअर आणि एनिक्स या कंपन्या २००३ साली एक झाल्या, आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' व 'फायनल फँटसी' एका छपराखाली आले. त्यांची एक ठळक भेट पुढच्याच वर्षी झाली ती 'इतादाकी स्ट्रीट स्पेशल' या खेळात, म्हणजे फासे टाकून दुकाने विकत घेण्याच्या व्यापारपटावर. आपण त्यांना प्रवासाला पाठवू.

पहिली अडचण बोलण्याची. 'ड्रॅगन क्वेस्ट'चा नायक मुका आहे. खेळणारा त्याच्या वतीने फार तर हो किंवा नाही म्हणतो. ती पोकळी खेळणाऱ्याने स्वतःला भरायची असते. 'फायनल फँटसी ७'चा क्लाउड बोलतो. पण जो भूतकाळ तो आपला म्हणून सांगतो त्यातला मोठा भाग झॅक नावाच्या दुसऱ्याचा निघतो. एक रिकामे पात्र आणि एक परक्याच्या आठवणींनी भरलेले पात्र रात्री शेकोटीशी बसले, तर त्यांच्यात होणारी शांतता कोणत्याही लढाईहून बोलकी ठरेल. नायक म्हणजे कोण, खेळणारा की खेळवला जाणारा, हा प्रश्न दोन्ही मालिकांनी आपापल्या परीने विचारला आहे. तो एकमेकांना विचारलेला नाही.

दुसरी अडचण मरणाची. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये हरलेला नायक राजासमोर पुन्हा जिवंत उभा राहतो; राजा बोल लावतो, थैलीतले निम्मे सोने गेलेले असते, आणि प्रवास पुन्हा सुरू होतो. १९८७च्या दुसऱ्या खेळात साथीदार आले, तेव्हा मेलेल्याला चर्चमध्ये नेऊन, दक्षिणा देऊन उठवता येऊ लागले. त्या जगात मरण हा खर्च आहे. आता क्लाउडला त्या चर्चच्या दाराशी उभा करा. त्याच्याकडे सोने आहे. धर्मगुरू नेहमीचा आकडा सांगतो. क्लाउड एरिथचे नाव घेतो.

धर्मगुरूने तिला उठवले, तर १९९७चा खेळ कोसळतो. तिच्या मरणाने जे शिकवले ते काही नाण्यांत खोटे ठरते. नाही उठवले, तर त्या मंदिरात आजवर उठलेल्या प्रत्येकाविषयी शंका निर्माण होते: ते खरोखर मेले होते का? आणि मुका नायक, जो अगणित वेळा त्याच दारातून जिवंत बाहेर पडला आहे, बाजूला उभा राहून हे पाहतो. त्याला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. खेळाने येथे थांबून खेळणाऱ्याला विचारावे, की दक्षिणा द्यायची का? उत्तर कोणतेही असो, ते देणाऱ्या बोटाला दोन्ही जगांचा भार जाणवेल, भीमाला शेपटाचा जाणवला होता तसा.